पिशवी भरली का

पिंकीनं दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा चिमटीत धरला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ती पिशवी दाबून वरून खाली सरकवत आणली. ओट्यावरच्या दुधाच्या गंजात तीन-चार थेंब पडले. मग पुन्हा वरून खाली. पुन्हा. "देखो आजी, तुम्हारे जैसा," ती म्हणाली. चार वर्षांची पोट्टी, ओट्याजवळ पाटावर उभी, जीभ दाताखाली धरलेली. मी चहाचं भांडं उतरवत होती, ते तसंच हातात राहिलं. "ठेव ते! ठेव म्हणते ना!" मी अशी खेकसली की पोरीच्या हातून पिशवी पडली आणि तिनं भोकाड पसरलं. माझी लेक मीनल ओल्या केसांनीच धावत आली. "काहून ओरडून राहिली तू तिच्यावर सकाळी सकाळी?" मी म्हटलं, दूध सांडून राहिली होती. मीनलनं ओट्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. कुठंच दूध नव्हतं. मग तिनं खाली पडलेल्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् लेकीले कडेवर घेऊन निघून गेली. पिशवी मी उचलली, धुतली आणि खिळ्याले अडकवली.

ही माझी खोडच आहे. दुधाची पिशवी असो की दातांच्या मंजनाची ट्यूब, शेवटचा थेंब माझ्याच्यानं सोडवत नाही. सचिन, म्हणजे मीनलचा नवरा, हसतो. म्हणतो, "आई, तुमच्यापुढं कंपनीवाले हात टेकतील." मीही हसून घेते. जावयाले काय सांगणार की ही खोड आली कुठून! एकतीस वर्षं मी सरकारी नर्स होती, त्यातली पंचवीस बाळंतपणाच्या खोलीत. पहिली नेमणूक रायपूरजवळच्या अभनपूरच्या पलीकडच्या एका लहान दवाखान्यात, तेव्हा माझं वय बावीस. गोदावरी सिस्टर तिथल्या जुन्या. तंबाखूनं काळे पडलेले दात, आवाज पुरुषासारखा, अन् हात असा की अडलेली बाई तो हात पोटावर आला की निम्मी मोकळी व्हायची. त्यांनीच शिकवलं. पोर बाहेर आलं की त्याले जरा खाली धर. नाळ दोन बोटांत घे. आईकडून पोराकडे तीनदा ओढत आण, दाबून, सोडू नको. मग बांध, मग काप. "जे त्याचं आहे ते त्याले देऊन टाक, मंदाकिनी. बाकीचं बादलीत." उन्हाळ्यात शेतावरून आलेल्या बाया, अंगात रक्ताचा पत्ता नाही, अन् त्यांची ती चिमणीएवढी पोरं. तीन वेळा नाळ पिळली की माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या ओठांवर लाली यायची. पुढं पुढं नवे डॉक्टर आले, ट्रेनिंगं झाली. कोणी म्हणे लगेच कापा, कोणी म्हणे थांबा, कोणी म्हणे पिळू नका. मी मान हलवायची, अन् हात मात्र आपलंच करायचा. त्या हाताचा मले गर्व होता, खोटं काहून बोलू? बाकीचं बादलीत. वार, नाळेचा तुकडा, अन् त्यात उरलेलं रक्त. बादली भरली की मीराबाई नावाची आया ती उचलून मागच्या खड्ड्यात रिती करून यायची. त्या बादलीत काय जातं ते मी पंचवीस वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नाही.

आज सकाळपासून वरच्या देवश्रीच्या कळा सुरू होत्या. देवश्री आमची भाडेकरू. चार वर्षांपूर्वी नवी नवरी होऊन गोंदियाहून आमच्या वरच्या खोल्यांत आली, माय लहानपणीच गेलेली, म्हणून मलेच काकू काकू करते. तीन महिन्यांमागं ती एक कागद घेऊन खाली आली होती. "काकू, मैंने तो साइन कर दिया. नाळेचं रक्त देऊन टाकणार मी. आपल्याले काय करायचं आहे त्याचं? फेकतातच ना?" मी कागद हातात घेतला, चष्मा नव्हता तरी वाचायचं नाटक केलं. ती म्हणाली, "शिशिरसाठी किती शोधलं होतं आपण. कोणीच दिलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं." मग माझा हात धरून म्हणाली, "अन् तुम्ही आत राहाल माझ्याजवळ. डॉक्टर मॅडमले विचारून ठेवलं मी. हव म्हणाल्या." मीनल समोरच मेथी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जाईल ना आई. आई नाही जाणार तर कोण जाणार." कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

शिशिर माझा नातू, मीनलचा पहिला. दहा महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही पंजे सुजले, पुरीसारखे टम्म. मी, एवढी जाणती नर्स, हळद-चुना लावत बसली. चौथ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं, सिकलसेल. इकडं खेड्यापाड्यांत सिकलिन म्हणतात त्याले. रक्ताचे कण विळ्यासारखे वाकडे होतात, बारीक नसांत अडकतात, अन् मग असं दुखतं की मोठा माणूसही गुरासारखा ओरडतो. या छत्तीसगडात घरोघरी आहे, आमच्या विदर्भातल्या लोकांतही काही कमी नाही. मीनलमध्ये अर्धं होतं, सचिनमध्ये अर्धं होतं, दोघांनाही कधी काही त्रास नाही. पोराच्या वाट्याले दोन्हीकडून आलं. लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली होती. अठ्ठावीस गुण जुळले म्हणून यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, अख्ख्या चौबे कॉलोनीत पेढे वाटले होते. रक्त तपासा म्हणून मी दवाखान्यात येणाऱ्या परक्या पोरींले कंठशोष करून सांगायची. घरच्या पोरीच्या वेळी आठवलंच नाही. शिशिरचे पाय दुखले की तो मलेच हाक मारायचा. "आजी, बडे हाथ से मल दो ना." माझे हात मोठे, तळवे खरखरीत. मी तासन् तास त्याच्या पोटऱ्या चोळत बसायची, गरम पाण्याची पिशवी फिरवायची. दुखणं उतरलं की तो माझी बोटं मोजत झोपून जायचा, पाच झाली की पुन्हा एकपासून.

तो चार वर्षांचा झाला तेव्हा मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, याच्यावर एकच कायमचा इलाज आहे. दुसरं मूल होऊ द्या. सख्ख्या भावंडाचा मेळ बसला तर बाळाच्या नाळेत अन् वारेत जे रक्त उरतं ना, ते जमा करायचं. त्यात नवं रक्त तयार करणारं बी असतं. ते शिशिरच्या अंगात रुजलं तर त्याचं रक्त सरळ होईल. बाळाले काही होत नाही, आईले काही होत नाही, सुईसुद्धा त्या दोघांले टोचत नाही. मीनल अन् सचिन डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत होते. मी मात्र खाली पाहत होती. मले मीराबाईची बादली दिसून राहिली होती. घरी येऊन त्या दिवशी मले जेवण गेलं नाही. अगं बाई, किती पोरांचं औषध मी पाण्याच्या भावात खड्ड्यात ओतलं? हे तेव्हा कोणाले माहीत नव्हतं, हे कळतं मले. कळून काय उपयोग, मन मानत नाही.

मीनलले दिवस गेले. तिनं उपास धरले. चतुर्थी, सोमवार, शनिवार, जे जे कोणी सांगितलं ते ते. सकाळी बसनं नव्या रायपुरात मंत्रालयात नोकरीले जायची, तिकडं ते मोठमोठे रस्ते अन् माणूस नाही, दुपारी केळं खाऊन राहायची अन् संध्याकाळी धुळीनं भरून यायची. मी चिडायची. "पोटुशी बाई आहेस का जोगीण? पोटातल्याले काय खाऊ घालशील, तीर्थ?" ती म्हणायची, "आई, दोन पोरांचं मागून राहिली मी देवाले. फुकटात कसं मागू?" शिशिर तिच्या पोटाले कान लावून विचारायचा, "बोल, मेरी दवाई लाया क्या?" आम्ही सगळे हसायचो. मीच जास्त हसायची.

बाळंतपण दिवसाढवळ्या झालं, अकराच्या सुमारास. डॉक्टर मॅडम माझ्या ओळखीच्या. शिकाऊ होत्या तेव्हा पहिली नाळ त्यांनी माझ्याच देखत बांधली होती. म्हणून मले आत घेतलं. सगळं ठरलेलं. बाळ येताच चिमटे लावायचे, कापायचं, बाळ दुसऱ्या टेबलवर न्यायचं, अन् मॅडम नाळेच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवणार. मॅडम मले म्हणाल्या, "दीदी, आप बस बच्चे को पकड़ना." पिंकी बाहेर आली. जांभळी. हातपाय सैल, ना रडणं ना चूं. मॅडम चिमटा घ्यायले ट्रेकडे वळल्या. नर्स पिशवीचं पाकीट फाडत होती. बस, तेवढाच वेळ. माझ्या डाव्या हातात ती ओली पोर, उजव्या हाताच्या बोटांत नाळ, अजून धकधक करत होती. मी काही विचार केला असं मले आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं आहे. भांडी घासताना, देवळाच्या रांगेत, डॉक्टरच्या दाराशी नंबर लागेपर्यंत, ते अर्धं मिनिट मी हजारदा उलटसुलट करून पाहिलं आहे. हात सरकला. आईकडून पोराकडे. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. नाळ माझ्या बोटांत चपटी झाली, पांढरी पडली. अन् पिंकी रडली. मॅडम वळल्या, चिमटे लागले, नाळ कापली गेली. मॅडमनं सुई घातली. पिशवीत रक्त उतरायले लागलं अन् थांबलं. तळ झाकला जेमतेम. मॅडमनं पिशवी हलवून पाहिली, वारेवरून दाबून पाहिलं. "नाल ही पतली है," त्या स्वतःशीच म्हणाल्या. टेबलवरून मीनलनं मान उचलून विचारलं, "पिशवी भरली का?" मॅडम पिशवीचं तोंड बांधून राहिल्या होत्या. मग मीच म्हटलं, "तू पडून राहा."

तपासणीचा कागद आला. मेळ पुरा बसला होता, सोळा आणे. अन् रक्त मात्र पुरेसं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कोणाचा दोष नसतो. आता पोट्टी दोन वर्षांची, जरा वजनाची होऊ द्या, मग तेच बी तिच्या हाडातून घेऊ. तोवर दुसरीकडून मिळतं का पाहू. कोण्या परक्या बाईनं दान केलेलं, नाळेच्या रक्ताच्या बँकेत ठेवलेलं. त्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या. दोन महिन्यांनी उत्तर आलं, मेळ नाही. डॉक्टर म्हणाले, "हमारे यहाँ देने वाले ही कम हैं, दीदी. जितने ज़्यादा लोग देंगे, उतना किसी का मिलना आसान. अभी तो सब बाल्टी में जाता है." मी पदर तोंडात धरून बाहेर आली. मीनल बाकावर बसली होती. म्हणाली, "माझे उपास नडले, आई. मी खाल्लं असतं तर नाळ बारीक राहिली नसती. तू सांगत होतीस." तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला अन् म्हटलं, "असू दे आता." असू दे! जीभ झडली कशी नाही माझी!

शिशिरले आम्ही सांगितलं, पिंकी मोठी झाली की ती तुले औषध देईल. केवढी मोठी? त्यानं विचारलं. सचिननं दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं एक रेघ ओढली, एवढी. झालं. दर रविवारी तो पिंकीले चौकटीशी उभी करायचा. ती बिचारी धड उभी राहायची नाही, मी काखेत धरायची, तो डोक्यावर फूटपट्टी ठेवून रेघ ओढायचा अन् बाजूले तारीख घालायचा. कधी रेघ जुन्याच रेघेवर यायची तेव्हा तिच्यावर रागवायचा. "खाती नहीं है ये! आजी, इसको और दूध दो." मी द्यायची. पिशवी पिळून पिळून द्यायची. श्रावणात त्याच्या छातीत दुखणं भरलं. तीन दिवस दवाखान्यात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माझी बोटं धरली, चारपर्यंत मोजली. पिंकी तेव्हा चौदा महिन्यांची होती. सचिनच्या त्या रेघेले अजून एक वीत कमी होती. पुढच्या दिवाळीत रंगारी आला तेव्हा सचिन चौकटीपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, एवढं सोडून द्या. भनपुरीच्या ज्या गोदामात सचिन कामाले आहे तिथं हाच रंगारी येतो, त्याच्याशी तो रोज शिवीगाळ करून बोलतो, पण त्या दिवशी हात जोडले त्यानं.

मीनल रडली नाही फारशी. तिनं उपास सोडले. नुसते सोडले नाहीत, चतुर्थीच्या दिवशी सकाळी अंघोळ झाली की देवासमोर उभी राहून पोळीचा तुकडा मोडून खायची, एकेक घास, गणपतीकडे पाहत. कोणी नात्यातलं आलं, शिशिरचं निघालं की स्वतःहूनच सांगायची, "माझ्या उपासांनी गेला." बाया च्च च्च करायच्या, असं बोलू नको म्हणायच्या. मी आत जाऊन चहा टाकायची. तीन वर्षं झाली याले. माझी लेक माझ्यासमोर, माझ्या घरात, माझं पाप आपल्या नावावर सांगत फिरते, अन् मी आधण ठेवते. कितीदा ठरवलं. आज सांगते, तिची चतुर्थी झाली की सांगते, वर्षश्राद्ध झालं की सांगते. भीती कशाची होती? ती घर सोडून जाईल याची नव्हती. तिनं एकदा पिंकीकडे अन् एकदा माझ्या हाताकडे पाहिलं असतं, त्याची होती. भित्री आहे मी. जन्मभर दुसऱ्यांच्या रक्तात हात घातले, अन् एवढं नाही झालं.

दहाच्या सुमारास आम्ही देवश्रीले घेऊन निघालो. तिचा नवरा पुढं मोटरसायकलवर, मागं ऑटोत देवश्री, मी, मीनल अन् मीनलच्या मांडीवर पिंकी. मीनलनं सुट्टी टाकली होती. पिंकी माझ्याशी बोलत नव्हती, गाल फुगवून बाहेर पाहत होती. रायपूर राजधानी झाल्यापासून रस्ता म्हणून खोदल्याशिवाय दिसत नाही. प्रत्येक खड्ड्याले देवश्री माझ्या मनगटात नखं रुतवायची. मले बरं वाटत होतं त्यानं. दवाखान्यात खाली रक्ताच्या बँकेचा माणूस येऊन बसला होता, पायाशी एक पांढरी पेटी. आमच्याकडे पाहून उठून उभा राहिला. मीनल त्या पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जा तू आई. आम्ही इथंच बसतो." मी दोन पावलं गेली तर मागून म्हणाली, "आई." मी वळली. "काही नाही. जा."

आत तेच दिवे, तोच वास. मॅडमचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. मी म्हटलं, "मी बाळ नाही धरणार. मी हिच्या डोक्याशी उभी राहते." मॅडमनं एकदा पाहिलं अन् मान हलवली. मी देवश्रीच्या उशाशी उभी राहिली, तिचे दोन्ही पंजे माझ्या पंजात घेतले. तिले वाटलं मी तिले धीर देऊन राहिली. खरं म्हणजे मी माझे हात बांधून घेतले होते. दीड तास लागला. शेवटी बाळ आलं, पोट्टा. अन् बापा! जांभळा. सैल. ना रडणं ना चूं. माझ्या बोटांत कळ गेली. अंगठा अन् तर्जनी आपोआप जवळ यायले लागली, देवश्री ओरडली, "काकू, दुखून राहिलं!" मी तिची बोटं चिरडून राहिली होती. चिमटे लागले. नाळ कापली. तरण्या नर्सनं पोराले बाजूच्या टेबलवर नेलं, पाठ चोळली, टाचेवर टिचक्या मारल्या. मी श्वास धरला. मी मोजत होती, एक, दोन, पाच, दहा. पिळ ना कोणीतरी, पिळ, माझ्या मनात चालू होतं. सतरा, अठरा. अन् पोट्टा रडला. एकदा खोकल्यासारखा, अन् मग जो रडला तो थांबेचना. गुलाबी झाला, पायाच्या नखापर्यंत. कोणी नाळ पिळली नव्हती. नुसती पाठ चोळली होती. इकडं मॅडमनं सुई घातली अन् पिशवीत रक्त उतरायले लागलं. काळपट लाल, सावकाश, थांबायचं नाव नाही. पिशवी फुगली, टेबलाखालच्या वजनाच्या काट्यावर डुलायले लागली. नर्स हसून म्हणाली, "दीदी, बढ़िया भरा है. किसी का तो भला होगा." मी पाहत होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी ते वाकून पाहिलं. एवढं असतं ते. पिंकीसुद्धा रडलीच असती. अठरापर्यंत मोजलं असतं तर रडली असती.

मी बाहेर आली. मीनल खालून येऊन वरच्या मजल्यावर जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. पिंकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. मीनलनं विचारलं, "पिशवी भरली का?" मी म्हटलं, "भरली." खालून तो बँकेचा माणूस वर आला, आत गेला, अन् पेटी घेऊन आमच्यासमोरून गेला, दोन्ही हातांनी धरून, पायरी बघत बघत. "कोणाले जाईल?" मीनलनं विचारलं. मी म्हटलं, "माहीत नसते. ज्याचा मेळ बसेल त्याले." मग मी तिच्या बाजूले बसली, अन् जे चार वर्षं तोंडातून निघत नव्हतं ते निघालं. "मीनल, तुझे उपास नव्हते. मी नाळ पिळली होती. पिंकीच्या वेळी. मॅडम पलीकडे वळल्या होत्या. या हातानं पिळली, चारदा. सगळं रक्त पिंकीत गेलं. म्हणून पिशवी भरली नाही. उपासाचं काही नव्हतं, बाई. माझं होतं." मी हात मांडीवर उघडे ठेवले. म्हटलं, आता पाहा काय पाहायचं ते.

मीनल पिंकीच्या केसांतून बोटं फिरवत होती. ती थांबली नाही. "मले माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी पाहत होती ना. टेबलवरून दिसत होतं मले सगळं. तुझा हात दिसत होता." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मी थांब म्हणू शकत होती. तोंड उघडलं होतं मी. पण ही निळी पडली होती, आई. मेल्यासारखी लटकत होती तुझ्या हातात. अन् मी शिशिरले विसरली. तेवढ्या वेळात मले शिशिर आठवलाच नाही. मी मनात म्हणून राहिली होती, पिळ आई, अजून पिळ." तिनं पदरानं नाक पुसलं. "उपासांचं काय, लोकांले सांगायले काहीतरी लागतं. तुझं नाव कसं घेणार? अन् माझं खरं तर कोणालेच सांगता येत नाही." मग रडली ती. इतक्या वर्षांचं रडली, पण आवाज न करता, पिंकी उठेल म्हणून. मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मले वाटलं होतं, सांगितलं की तिचं ओझं माझ्याकडे येईल. तिचं ओझं तिच्याचकडे होतं, अन् ते माझ्याहून जड होतं.

बऱ्याच वेळानं ती सावरली. डोळे पुसले, केस सारखे केले. आतून त्या पोट्ट्याचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत. मीनल दाराकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "हा लगेच रडला का, आई? बाहेर आल्याबरोबर? आमच्या पिंकीसारखा निळा नव्हता ना?"

मी पिंकीकडे पाहिलं. तोंड उघडं टाकून झोपली होती, सकाळच्या रडण्याचे डाग गालावर तसेच होते. मी माझे हात पदराखाली घेतले.

"लगेच रडला," मी म्हटलं. "आल्याबरोबर."